काल काय झालं? मालिकेच्या चुकलेल्या भागाचा इतिहास

मराठी दैनंदिन मालिकांबद्दल एक तक्रार घरोघरी ऐकू येते. मालिका काही पुढे सरकतच नाही, पंधरा दिवस बघितली नाही तरी दोन मिनिटांत सगळं कळतं. तक्रार खरी आहे. पण संशोधनाची तयारी करणाऱ्याने अशी सर्वांना मान्य असलेली तक्रार ऐकली की जरा थांबायला हवं. पंधरा दिवसांनी आलेल्या माणसाला दोन मिनिटांत सगळं कळतं, ते कसं काय? हे आपोआप होत नाही. कोणीतरी तशी सोय केलेली असते.

आजच्या लेखात ही सोय कुठून आली ते बघू. माझं म्हणणं थोडक्यात असं: मालिका रोज बघणाऱ्यासाठी जितकी लिहिली जाते, तितकीच किंवा त्याहून जास्त ती भाग चुकवणाऱ्यासाठी लिहिली जाते. चुकलेला भाग भरून काढायची साधनं बदलली की मालिकेची बांधणी बदलते. आणि संशोधकाच्या हाती मागे काय उरतं, तेही बदलतं.

विषय मोठा आहे, म्हणून एक जागा धरू: पुण्याची कसबा पेठ. जुन्या पुण्याचा हा मूळ भाग. इथे जिजाबाईंशी नातं सांगणारा कसबा गणपती आहे, तांबट आळी आहे आणि पेठेच्या कडेला शनिवारवाडा. 'क्रमशः' सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींचे तीन-चार काळ इथून पायी दहा-पंधरा मिनिटांच्या आत सापडतात. एवढ्या छोट्या जागेवर बोट ठेवलं की प्रश्न हवेत राहत नाही.

पोथी आणि 'करमणूक'

टीव्हीच्या कितीतरी आधी पेठांमधल्या लोकांना भागाभागांत गोष्ट ऐकायची सवय होती. चातुर्मासात देवळात पोथी लागायची. रोज एक अध्याय. आज आजारपण, उद्या पाहुणे, परवा पाऊस, असं करत श्रोत्यांचे दिवस चुकायचेच. यावरचा उपाय पोथीच्या रचनेतच आहे. श्रीधरकवीचे 'हरिविजय' किंवा 'पांडवप्रताप' उघडून बघा. अनेक अध्यायांच्या सुरुवातीला मागच्या अध्यायात कथा कुठपर्यंत आली होती ते दोन-चार ओव्यांत सांगितलेलं असतं. आजच्या मालिकेतलं 'मागील भागात' हे असं तीनशे वर्षं जुनं आहे.

इथे एक बारकावा लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल. पोथी ऐकणाऱ्याला गोष्ट आधीच माहीत असायची. कृष्ण कंसाला मारणार हे कोणाला कळायचं बाकी नव्हतं. त्यामुळे अध्याय चुकला तर माहिती बुडायची नाही, ऐकण्याचं सुख आणि पुण्य बुडायचं. 'चुकणे' या एकाच शब्दात दोन वेगळी नुकसानं आहेत. ती वेगळी मोजायला हवीत.

माहिती बुडण्याची खरी भीती आली ती छापील कादंबरीबरोबर. हरि नारायण आपटे यांनी १८९० मध्ये पुण्यात 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केलं आणि 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी त्यातून क्रमशः छापली. आपटे ज्या आनंदाश्रमाची व्यवस्था बघत तो अप्पा बळवंत चौकाजवळ, म्हणजे कसब्यातून चालत जाण्याच्या अंतरावर. यमूचं पुढे काय होणार हे वाचकाला माहीत नव्हतं. अंक चुकला तर कथेत खड्डा पडणार.

पण कागदाचा एक गुण असतो. कागद वाट बघतो. या आठवड्यात अंक मिळाला नाही तर शेजाऱ्याकडून आणता येतो, वाचनालयात जाऊन बघता येतो. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ पासूनचं आहे, तेव्हा ही सोय शहरात होती. शिवाय कादंबरी पुढे पुस्तक म्हणून निघाली. त्यामुळे १८९० च्या दशकातला चुकलेला मजकूर आजही आपण वाचू शकतो. हे वाक्य डोक्यात ठेवा, शेवटी त्याच्याकडे परत यायचं आहे.

टीव्ही वाट बघत नाही

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. १९७३ मध्ये सिंहगडावरच्या प्रक्षेपकामुळे ते कार्यक्रम पुण्यात दिसू लागले. वाड्यात एखाद्याकडेच संच असायचा. त्याच्या दारात चपलांचा ढीग आणि आत पोरंटोरं पुढे, मोठी माणसं मागे, असा तो प्रकार. वाहिनी एकच, वेळ ठरलेली आणि कार्यक्रम एकदा झाला की झाला. चूक फक्त बघणाऱ्याचीच होती असंही नाही. वीज जायची, अँटेना फिरायचा आणि खुद्द दूरदर्शनच्या पडद्यावर 'व्यत्ययाबद्दल दिलगीर आहोत' अशी पाटी यायची. म्हणजे भाग दोन्हीकडून चुकत होता.

मग सुरुवातीच्या मालिकांनी काय केलं? सलग गोष्ट सांगायच्या भानगडीतच त्या फारशा पडल्या नाहीत. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात आलेली 'चिमणराव' घ्या. चिं. वि. जोशी यांच्या विनोदी कथांवर ती आधारलेली होती आणि त्यात दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे होते. पात्रं तीच, घर तेच, पण दर भागाची गोष्ट आपापली. एक भाग चुकला तर एक हसू चुकलं, पुढच्या भागाला अडत नाही. आकाशवाणीवर 'पुन्हा प्रपंच' मधली मीनावहिनी आणि टेकाडे भावजी ही मंडळी याच पद्धतीने घराघरांत राहत होती. अशा कार्यक्रमांना आपण 'सुट्या भागांची मालिका' म्हणू. ही त्या काळच्या साधनांतून निघालेली रचना आहे. 'तेव्हाचे लोक साधे होते म्हणून मालिका साध्या' असं म्हणणं सोपं आहे, पण त्याने काहीच समजत नाही.

सलग कथेची मोठी उडी ७ जुलै १९८४ ला आली. त्या दिवशी 'हम लोग' सुरू झाली आणि दीडशेहून जास्त भाग चालली. मेक्सिकोच्या मिगेल साबिदो यांनी लोकशिक्षणासाठी बनवलेल्या मालिकांवरून तिची कल्पना घेतली होती. लेखन मनोहर श्याम जोशी यांचं. भागाच्या शेवटी अशोककुमार येऊन प्रेक्षकांशी बोलायचे. अभ्यासकांनी त्यांच्या या निवेदनाकडे बहुतेक वेळा उपदेश म्हणून पाहिलं आहे, आणि तो होताच. पण तांत्रिक नजरेने बघा. तो भागाचा सारांशही होता. स्वयंपाकघरातून उशिरा आलेल्या बाईला दोन मिनिटांत कळायचं की आज घरात काय घडलं आणि कोण कुठे उभं आहे. अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स यांच्या अभ्यासात या मालिकेला आलेल्या पत्रांचा आकडा सुमारे ४ लाख दिलेला आहे.

मग २५ जानेवारी १९८७ ला 'रामायण' सुरू झालं आणि ३१ जुलै १९८८ पर्यंत दर रविवारी सकाळी रस्ते ओस पडले. इथे पोथीचा बारकावा पुन्हा कामाला येतो. रामायणाचा भाग चुकला म्हणून कोणाला कथा कळली नाही असं झालं नाही. जे चुकलं ते दर्शन होतं, आणि ते शेजारच्या काकूंनी सांगून भरून निघत नव्हतं. १९८० च्या दशकातच 'स्वामी' ही मालिका आली. ती रणजित देसाईंच्या कादंबरीवर होती, आणि माधवराव पेशव्यांची गोष्ट शनिवारवाड्याला लागून असलेल्या घरांत बघितली गेली. तिथे चुकलेला भाग भरून काढायला कादंबरी घरात होती. 'हम लोग' साठी मात्र पुस्तक नव्हतं की पुराण नव्हतं. तिथे एकच साधन होतं: सांगणारं माणूस.

तीन मालिका, एकच दशक, एकच दूरदर्शन. तरी 'चुकणं' तिन्हीकडे वेगळं. 'ऐंशीच्या दशकातला प्रेक्षक' असं सरसकट वाक्य लिहिण्याआधी हा फरक आठवा.

सांगणारं माणूस

'काल काय झालं गं?' हा प्रश्न आणि त्याचं उत्तर हे मालिकेच्या इतिहासातलं सर्वांत कमी नोंदवलं गेलेलं काम आहे. नळावर, मंडईच्या वाटेवर, जिन्यात, पापड लाटताना ते व्हायचं. बहुतेक ते बायकांनी केलं. आणि ते 'काम'च होतं. बावीस मिनिटांचा भाग दोन मिनिटांत सांगायचा तर काय ठेवायचं आणि काय गाळायचं हे ठरवावं लागतं. सांगणारी आपला निवाडाही त्यात घालते: 'ती बोलली ते बरोबरच होतं, पण सगळ्यांसमोर नको होतं बोलायला.' ऐकणारी मालिका आणि निवाडा दोन्ही घेऊन जाते.

याचा संशोधनावर थेट परिणाम होतो. समजा तुम्ही कसब्यातल्या सत्तरीच्या आजींची मुलाखत घेताय. त्या एखाद्या जुन्या मालिकेतला प्रसंग अगदी रंगवून सांगतात. तो त्यांनी पाहिला होता की ऐकला होता? चाळीस वर्षांनी त्यांनाही सांगता येणार नाही, आणि त्यात त्यांची चूक नाही. त्या काळी मालिका अर्धी पडद्यावर आणि अर्धी जिन्यात घडत होती. दूरचित्रवाणीवरच्या चांगल्या अभ्यासांनी ही गोष्ट धरली आहे. पूर्णिमा मानकेकर यांनी दिल्लीतल्या स्त्री-प्रेक्षकांमध्ये राहून केलेला अभ्यास १९९९ मध्ये पुस्तकरूपाने आला. मालिका समजून घ्यायची तर तिच्याभोवतीचं बोलणं ऐकावं लागतं, हे त्यातून शिकण्यासारखं आहे.

आठवड्यातून एकदा ते आठवड्यातून सहादा

दूरदर्शनच्या साप्ताहिक मालिका बऱ्याचदा १३ भागांच्या असत, म्हणजे एक तिमाही. आठवड्यातून अर्धा तास काढणं जमण्यासारखं होतं. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात दूरदर्शनवर 'दामिनी' रोज दिसू लागली. १५ ऑगस्ट १९९९ ला अल्फा मराठी (आताची झी मराठी) आणि जुलै २००० मध्ये ई टीव्ही मराठी (आताची कलर्स मराठी) सुरू झाली आणि दैनंदिन मालिका हीच मराठी टीव्हीची मुख्य वस्तू बनली. ई टीव्हीवरची 'चार दिवस सासूचे' २००१ ला सुरू होऊन जानेवारी २०१३ पर्यंत चालली. तीन हजारांहून अधिक भाग.

इथे चुकण्याचं गणितच बदललं. मी मूळची विज्ञान शाखेची, त्यामुळे मला हे आकड्यांत मांडल्याशिवाय राहवत नाही. समजा एखादी प्रेक्षक कोणताही एक भाग बघण्याची शक्यता ०.७ आहे, म्हणजे दहातले सात भाग ती बघते. बऱ्यापैकी निष्ठावान प्रेक्षक म्हणायची. आठवड्याचे सहाही भाग बघण्याची तिची शक्यता किती? ०.७ चा सहावा घात, म्हणजे साधारण ०.१२. शंभरातल्या फक्त बारा जणी पूर्ण आठवडा बघतील. बाकी ८८ जणींचा किमान एक भाग चुकलेला असेल. दैनंदिन मालिकेत चुकणं हा अपवाद उरत नाही, तोच नियम होतो.

आता लेखकाच्या खुर्चीत बसा. तुम्हाला एक महत्त्वाची बातमी सांगायची आहे, उदाहरणार्थ घराचे कागद धाकट्या भावाने चोरले. ती एकाच भागात सांगितली तर ३० टक्के प्रेक्षकांना कळणारच नाही. दोन भागांत सांगितली तर ९ टक्के उरतात. सलग तीन भागांत, तीन वेगवेगळ्या पात्रांच्या तोंडून सांगितली तर २.७ टक्के. म्हणजे ९७ टक्क्यांहून जास्त प्रेक्षकांपर्यंत बातमी पोचली. रोज बघणारी वैतागते: 'अगं, किती वेळा तेच!' पण ती वैताग सोसून राहते. न कळलेली मात्र वाहिनी बदलते.

क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये संदेशवहनाचा गणिती सिद्धांत मांडला. त्यात याला नाव आहे: अतिरेक, म्हणजे मुद्दाम ठेवलेली जादा माहिती. वाटेत काही भाग गळणार हे गृहीत धरायचं आणि संदेशातच इतकी पुनरावृत्ती ठेवायची की गळूनही अर्थ पोचावा. आपली भाषाही अशीच असते. 'माझी मोठी बहीण आली' यात स्त्रीलिंग चारदा सांगितलं जातं. गोंगाटात एक शब्द ऐकू आला नाही तरी आलं कोण ते कळतं.

पण माझ्या गणितात एक लबाड गृहीतक आहे. प्रत्येक भाग चुकणं स्वतंत्र आहे असं मी धरलं. प्रत्यक्षात तसं नसतं. कसब्यात गणपतीचे दहा दिवस घ्या. हा पुण्याचा मानाचा पहिला गणपती. संध्याकाळची वेळ आरत्यांची, ढोलताशांची, घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांची, आणि मालिकांची वेळ नेमकी तीच. इथे भाग एकेक करून चुकत नाहीत, सलग दहा चुकतात. परीक्षा, लग्नसराई, गावी जाणं, आजारपण, सगळं असंच. अशा सलग गळतीला सलग तीन दिवसांची पुनरावृत्ती पुरत नाही, कारण तिन्ही दिवस त्याच खड्ड्यात जातात. सीडीवर ओरखडा पडला तरी गाणं वाजतं, कारण शेजारशेजारची माहिती तबकडीवर लांब लांब पसरून ठेवलेली असते. मालिकेतही ती बातमी महिन्याभराने कोणाच्या तरी आठवणीत, फ्लॅशबॅकमध्ये, काळ्या-पांढऱ्या रंगात परत येते. एक उपकथानक आठवडाभर गायब होतं आणि परत येतं. रविवारी 'महाएपिसोड' लागतो.

अजून एक गळती आहे. प्रेक्षक घरात आहे, टीव्ही चालू आहे, पण तिची नजर पोळपाटावर आहे. तिला भाग ऐकू येतो, दिसत नाही. म्हणून पात्रं दिसणारी गोष्टही बोलून दाखवतात आणि पार्श्वसंगीत भाव सांगतं. याचं मूळ रेडिओत आहे. अमेरिकेत इर्ना फिलिप्स यांनी १९३० मध्ये शिकागोच्या रेडिओवर घरकाम करणाऱ्या स्त्रियांसाठी रोजची मालिका लिहायला सुरुवात केली, तेव्हा चित्र नव्हतंच. पडदा आला तरी स्वयंपाकघर गेलं नाही, म्हणून ती बोलण्याची सवयही राहिली.

दुसरं स्पष्टीकरणही आहे

इथे सावध व्हा. एक सुबक स्पष्टीकरण मिळालं की आपण थांबतो, आणि तिथेच घात होतो. मालिका लांबते याचं दुसरं, अगदी व्यवहारी कारण आहे. रोज २०-२२ मिनिटांचा माल द्यायचा असतो. नवी घटना म्हणजे नवी जागा, नवे कलाकार, नवा खर्च. त्याच दिवाणखान्यात तेच बोलणं पुन्हा करून घेणं स्वस्त पडतं. कदाचित पुनरावृत्ती प्रेक्षकाच्या सोयीसाठी नसेलच, निव्वळ भरताड असेल.

मग दोन्हींत निवड कशी करायची? दोघांची भाकितं वेगळी कुठे होतात ते शोधायचं. पुनरावृत्ती भरताड असेल तर ती सगळीकडे सारखी पसरलेली असेल आणि कशाचीही होईल. ती चुकवणाऱ्यासाठी असेल तर ठरावीक जागी दाटेल: सोमवारी, सणांच्या सुट्टीनंतर, जाहिरातीनंतरच्या पहिल्या मिनिटात. आणि ती कथा वळवणाऱ्या बातमीचीच असेल, चहापाण्याच्या गप्पांची नव्हे. हे मोजता येतं. एका मालिकेचे ६० भाग घ्या, प्रत्येक कथावळणाची यादी करा आणि ते किती वेळा, कोणत्या भागात, कोणाच्या तोंडून पुन्हा सांगितलं गेलं ते तक्त्यात भरा. एम.ए. किंवा एम.एस्सी.च्या प्रकल्पाला पुरेल एवढं हे काम आहे. दोन्ही कारणं एकत्र असण्याची शक्यता मला जास्त वाटते, पण ते प्रमाण किती हे तक्ता सांगेल, माझं वाटणं नाही.

चुकलेल्याचा आधी होतो

साधनांचा पुढचा प्रवास आपल्या डोळ्यांसमोरचा आहे. व्हिडिओ कॅसेट आली, पण रेकॉर्ड करण्याची चैन थोड्याच घरांत होती. अमेरिकेत तर घरी कार्यक्रम रेकॉर्ड करणं कायदेशीर आहे का यावर खटला होऊन १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रेक्षकाच्या बाजूने निकाल दिला. आपल्याकडे खरी सोय झाली ती वाहिन्यांच्या रिपीटमुळे. रात्रीचा भाग दुसऱ्या दिवशी दुपारी किंवा सकाळी पुन्हा लागू लागला. ३१ मार्च २०१३ ची मुदत ठेवून पुण्यात केबलचं डिजिटलीकरण झालं आणि घरोघर सेट-टॉप बॉक्स आले. २०१५ मध्ये हॉटस्टार, २०१६ मध्ये जिओमुळे स्वस्त झालेलं इंटरनेट, २०१८ मध्ये झी ५. आता भाग चुकतच नाही. तो फोनवर तुमची वाट बघत बसतो, 'करमणूक'च्या अंकासारखा.

गंमत पुढे आहे. पैसे भरणाऱ्याला ॲपवर भाग टीव्हीच्या आधी बघता येऊ लागला. घरातलं नातंच उलटलं. पूर्वी भाग चुकलेली माणूस बघितलेल्याकडे यायची. आता सकाळीच लोकलमध्ये किंवा बसमध्ये भाग बघून झालेली सून गप्प बसते, आणि सासूबाई साडेसातची वाट बघतात. 'काय झालं?' ऐवजी 'सांगू नकोस हं!' ऐकू येतं. जिन्यातलं ते सांगण्याचं काम हळूहळू बंद पडतंय. माझं म्हणणं बरोबर असेल तर याचा परिणाम मालिकेच्या बांधणीवर दिसायला हवा, निदान ॲपवर जास्त बघितल्या जाणाऱ्या मालिकांमध्ये पुनरावृत्ती कमी व्हायला हवी. ती होत नसेल तर भरताडवाल्यांचा मुद्दा बळकट होतो. दोन्ही उत्तरं कामाची आहेत.

मागे काय उरतं

वरचा तक्ता करायचा तर जुने भाग हवेत. इथे या विषयातला खरा पेच सुरू होतो.

'चिमणराव'चे बहुतेक भाग आज बघायला मिळत नाहीत. त्या काळी चित्रफीत महाग होती आणि तीच पुन्हा वापरण्याची पद्धत होती. जगभर तेच झालं. बीबीसीच्या 'डॉक्टर हू' चे १९६० च्या दशकातले नव्वदहून अधिक भाग असेच पुसले गेले. पण त्यांचा आवाज शिल्लक आहे, कारण काही प्रेक्षकांनी घरी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून तो भरून घेतला होता. संस्थेने पुसलं आणि पुन्हा ऐकण्याच्या हौसेने प्रेक्षकांनी वाचवलं.

याउलट 'रामायण' टिकलं. ते खासगी निर्मात्याचं होतं, पुढे विकता येण्यासारखं होतं, म्हणून जपलं गेलं. टाळेबंदीत २८ मार्च २०२० पासून दूरदर्शनने ते पुन्हा दाखवलं आणि १९८७ नंतर जन्मलेल्या माझ्यासारख्या कितीतरी जणांनी तेव्हा ते पहिल्यांदा सलग बघितलं. काय टिकतं याचा निकाल बऱ्याचदा बाजारात लागतो. आपल्याकडे उरलेला टीव्ही म्हणजे झालेला टीव्ही नव्हे, हे प्रत्येक प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात लिहायला हवं.

पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून आहे, पण त्याचं काम चित्रपट जपण्याचं. पुस्तकांसाठी १९५४ चा कायदा आहे: प्रकाशकाने ठरावीक ग्रंथालयांना प्रत द्यायची. मालिकांसाठी तसा कायदा नाही. वाहिन्यांवर बंधन आहे ते प्रसारित कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग ९० दिवस ठेवण्याचं, आणि तेही तक्रार आली तर तपासता यावं म्हणून. नव्वद दिवसांनंतर मालिका जपायची की नाही हे मालकाने ठरवायचं. ॲपवर आज दिसणारी मालिका करार संपला, कंपनी विकली गेली, ॲप बंद झालं की दिसेनाशी होऊ शकते. 'वूट' नावाचं ॲप २०१६ ला आलं आणि २०२३ मध्ये दुसऱ्यात विलीन झालं, हे फार जुनं उदाहरण नाही. प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'वेव्हज' सुरू करून आपला जुना साठा थोडा खुला केला आहे. त्याचा उपयोग जरूर करा, पण त्याला दप्तरखाना समजू नका.

म्हणजे स्थिती अशी: १८९० च्या दशकातली क्रमशः कादंबरी मी आज वाचू शकते, पण माझ्या जन्माच्या वीस वर्षं आधीची मराठी मालिका मला बघता येत नाही. बघण्याची सोय आणि जपणूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आज सोय इतकी वाढली आहे की जपणूक होत नाहीये हे लक्षातच येत नाही.

कामाला लागायचं असेल तर

या विषयात कोणाला शिरायचं असेल तर चार सूचना.

एक, मुलाखतीत 'तुमची आवडती मालिका कोणती?' असं विचारू नका. नावांची यादी मिळेल, बाकी काही नाही. 'कोणता भाग चुकला होता, आणि तो तुम्हाला कोणी सांगितला?' असं विचारा. शेजार, नाती, भांडणं, वेळापत्रक, घरातला टीव्ही कोणाच्या ताब्यात होता, सगळं त्या एका उत्तरात येतं.

दोन, पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळ्या रकान्यात लिहा. खात्री नसेल तर तिसरा रकाना करा. तो रकाना सर्वांत मोठा भरेल, आणि तोच निष्कर्ष असेल.

तीन, आवाका आधी मोजा. तीन हजार भाग गुणिले २२ मिनिटं म्हणजे ६६,००० मिनिटं, १,१०० तास. दिवसाला आठ तास बघितलं तरी १३७ दिवस, नोंदी सोडून. त्यामुळे नमुना निवडावाच लागतो. तो सोमवार, सण आणि एरवीचे दिवस असा विभागून निवडा, म्हणजे वरच्या दोन स्पष्टीकरणांची परीक्षा होईल.

चार, ॲपवर आज जे बघताय त्याची तारीख, भाग क्रमांक, लांबी आणि कथावळणं आजच लिहून ठेवा. पुढच्या वर्षी ते तिथे असेलच असं नाही.

कसब्यातले वाडे पडून इमारती होत आहेत. जिने गेले, लिफ्ट आल्या. पण त्या जिन्यात रोज मालिका सांगणाऱ्या बायका अजून आहेत. त्यांच्या आठवणींची नोंद घ्यायला कोणत्याही वाहिनीची परवानगी लागत नाही. वही आणि पेन घ्या, त्यांची संमती मागा, वेळ दुपारची ठेवा. साडेसातला जाऊ नका, कोणी बोलणार नाही.